लग्नाचं सोनं आणि सुदानचं युद्ध: आपण गप्प राहायचं का?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

तुळशीची लग्नं लागली आणि लग्नसराईची धावपळ सुरू झाली. आमच्याही घरात यंदा धाकट्या बहिणीचं कार्य आहे. पोत, पाटल्या, जावयाची अंगठी अशी यादी निघाली आहे. सोनं महाग, त्यामुळे रोज रात्री जेवणं झाली की वजनावर चर्चा. खान्देशात सोनं म्हटलं की जळगावचं, त्यामुळे कुठे जायचं हा प्रश्नच नाही.

याच दिवसांत मी आफ्रिकेतल्या सुदानच्या बातम्या वाचतोय आणि या दोन गोष्टी मला डोक्यात वेगळ्या ठेवता येत नाहीत. म्हणून हा धागा.

ज्यांनी फारसं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १५ एप्रिल २०२३ ला राजधानी खार्तुममध्ये दोन सशस्त्र दलं एकमेकांवर तुटून पडली. एकीकडे जनरल बुरहान यांचं सुदानी लष्कर, दुसरीकडे दगालो ऊर्फ हेमेद्ती यांचं आरएसएफ नावाचं निमलष्करी दल. याच दोघांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळून सत्ता बळकावली होती. नंतर वाटणीवरून फाटलं. तेव्हापासून सव्वा कोटीच्या आसपास माणसं घरदार सोडून पळाली. मेले किती, हे नक्की कोणालाच सांगता येत नाही. काही अंदाज दीड लाखापर्यंत जातात.

पश्चिम सुदानच्या दारफूर भागातल्या एल फाशेर शहराला आरएसएफने मे २०२४ पासून वेढा घातला होता. सुरक्षा परिषदेने जून २०२४ मध्ये ठराव करून वेढा उठवा म्हणून सांगितलं, कोणी ऐकलं नाही. उलट शहराभोवती मातीचे उंच बांध घातले, म्हणजे कोणी बाहेर पडू नये आणि आत धान्याची गोणी जाऊ नये. ऑगस्ट २०२५ मध्ये आत अडीच लाखांवर लोक होते, त्यातली निम्मी लहान मुलं. खायला काय, तर अंबाझ. शेंगदाण्याचं तेल गाळल्यावर उरणारी पेंड. आपण म्हशीपुढे टाकतो ती ढेप. पुढे पुढे तीही मिळेना. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर पडलं आणि त्यानंतरच्या दिवसांत तिथल्या प्रसूती रुग्णालयात ४६० च्या वर माणसं मारली गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. रुग्ण आणि त्यांच्या सोबतचे लोक.

आता सोन्याचं. दोन्ही बाजूंचं युद्ध मोठ्या प्रमाणात सोन्यावर चालतं. दारफूरमधली जबल आमेरची खाण २०१७ मध्ये हेमेद्तीच्या लोकांनी ताब्यात घेतली, तिथून त्याची ताकद वाढली. लष्कराच्या ताब्यातल्या भागातलं सोनंही बाहेर जातंच. अधिकृत निर्यातीतलं बहुतेक सोनं दुबईकडे जातं, आणि चोरट्या वाटेने जाणारंही फिरून तिथेच पोचतं. आणि दुबईहून सोनं घेणाऱ्यांत आपण मोठे.

मी कोणत्याही बाजूचा नाही. सुदानमध्ये माझं कोणी नाही. तिथल्या राजकारणात माझा काही डाव नाही. पण माणसांना उपाशी ठेवून मारणं चूक आहे, आणि ते करायला लागणारा पैसा माझ्या बहिणीच्या पाटल्यांतून जाण्याची शक्यता असेल तर मला ते बोललं पाहिजे असं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

---

नर्डाण्याचा पोऱ्या

भाऊ, लिखेल चांगलं शे. पन एक इचारस. आपलं तठे काय चाली ऱ्हायनं? गावमा कोनले सुदान कुठे शे हाई बी माहीत नही.

---

गिरणाकाठ

माहीत नाही म्हणूनच लिहिलं, दादा. टीव्हीवर रोज दिसणाऱ्या युद्धांबद्दल लोक बोलतात, कारण त्यात बाजू घेता येते. सुदानच्या युद्धात इथल्या कोणाला बाजू घ्यायला काहीच मिळत नाही. पण दुःख आपल्याला फक्त बाजू घेता आली तरच होतं का?

---

सराफकट्टा

मी जळगावच्या बाजारात काम करतो. दुकान माझं नाही, पण लहानपणापासून याच धंद्यात आहे, त्यामुळे बोलतो.

गिरणाकाठ भाऊंनी लिहिलंय ते खरं आहे, पण गिऱ्हाइकाला अर्धंच माहीत असतं. तुम्ही दागिना घेता तेव्हा त्यावर हॉलमार्क असतो आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो. एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय दागिना विकता येत नाही. तो नंबर अॅपवर टाकला की कोणत्या सराफाचा, कोणत्या केंद्रात तपासला, किती कॅरेट, सगळं दिसतं. खाण दिसत नाही. देशही दिसत नाही. तो नंबर शुद्धतेचा आहे, सोनं आलं कुठून याचा नाही.

आमच्याकडे माल येतो तो बिस्किटाच्या रूपात, मुंबईच्या बुलियन म्हणजे घाऊक सोन्याच्या व्यापाऱ्याकडून. बिस्किटावर रिफायनरीचा (सोनं शुद्ध करणाऱ्या कारखान्याचा) शिक्का, वजन, शुद्धतेचा ९९५ किंवा ९९९ चा आकडा. ते बिस्किट कारागिराच्या मुशीत गेलं की शिक्काही गेला. आणि रिफायनरीतसुद्धा चार ठिकाणचं सोनं एकत्र वितळतं. एकदा वितळल्यावर जगातला कोणताही तपासनीस ते वेगळं काढू शकत नाही. मे २०२२ पासून दुबई ज्यात येते त्या अमिरातीबरोबरच्या करारात ठरावीक कोट्यापर्यंत सोन्यावर शुल्कात सवलत आहे, त्यामुळे तिथून येणं वाढलं. कायदेशीर आहे, रीतसर आहे. पण दुबईत ते कुठून आलं, हे बिस्किट बोलत नाही.

हे मी सफाई देण्यासाठी लिहीत नाही. मला स्वतःला याचा त्रास होतो. पण उद्या कोणी उठून जळगावचं सोनं रक्ताचं आहे असं लिहिलं तर बाजारातल्या बंगाली कारागिरांपासून पॉलिशवाल्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या पोटावर येईल, आणि सुदानमधल्या एकाही माणसाच्या तोंडात घास जाणार नाही. शब्द जपून वापरा एवढीच विनंती.

---

कपाशी बोदवड

धागा वाचला. कोणाच्या भावनेचा अनादर नाही, पण मला बोलायचंय.

सप्टेंबर २०२५ च्या पावसाने आमच्याकडे बोंडं काळी पडली. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये जाहीर झाला आणि खेडा खरेदीत व्यापारी ओल दाखवून त्याच्या खाली मागतोय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढलं, म्हणजे बाहेरचा कापूस आत आला. दरवर्षी आमच्या पट्ट्यात कोणीतरी विष घेतं. त्याच्या दारावर किती जण गेले? त्याच्यासाठी कोणी धागा काढला?

दूरच्या माणसासाठी रडणं सोपं असतं. तो कधी दारात येऊन उसने पैसे मागत नाही. आधी घरचं बघा, मग जगाचं. माझा आक्षेप तुमच्या दुःखावर नाही, क्रमावर आहे.

---

रावेरची लेक

कपाशी दादा, तुमचं म्हणणं मनापासून ऐकलं. पण माझा अनुभव असा की जो माणूस शेजाऱ्याच्या दारावर जातो, तोच बहुतेक वेळा दूरच्या माणसासाठीही बोलतो. जो एकाकडे पाठ फिरवतो तो दुसऱ्यासाठीही उठत नाही. दुःखाला रेशन कार्ड नाही, की एकाला दिलं म्हणून दुसऱ्याचं कमी झालं.

मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून ढेपेबद्दल सांगते. गिरणाकाठ भाऊंनी एका ओळीत लिहिलं, मी ते वाचून पुढे जाऊ शकले नाही. शेंगदाण्याची पेंड दमट जागी राहिली की तिला बुरशी धरते. बाहेरून साधा हिरवट-करडा पट्टा दिसतो, कधी तोही दिसत नाही. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. गाभण म्हशीला अशी पेंड गेली तर खाणं सुटतं, दूध आटतं, यकृत खराब होतं. आम्ही शेतकऱ्याला सांगतो, गोणी फोडून वास घ्या, गाठी झाल्या असतील तर उकिरड्यात टाका, जनावराला घालू नका. चांगलं जनावर स्वतःच तोंड फिरवतं.

ते तिथल्या आया पाण्यात भिजवून, शिजवून मुलांना भरवत होत्या. त्यांना कळत नव्हतं असं नाही. दुसरं काही नव्हतं. मी दिवसभर ज्या गोणीवर "देऊ नका" म्हणून शिक्का मारते, ती तिथे बाजारात मिळेनाशी झाली म्हणून लोक रडत होते.

आणि दुष्काळ पडला म्हणून हे झालेलं नाही, हे लक्षात घ्या. सुदान शेंगदाणा, तीळ, ज्वारी पिकवणारा देश आहे. आपल्यासारखाच. आपण ज्या ज्वारीची भाकरी खातो तीच तिथल्या रोजच्या जेवणात. धान्य होतं, ते आत जाऊ दिलं नाही. भूक हेच शस्त्र होतं.

---

पांझरा

सर्वांना नमस्कार. मी धुळ्याचा. कपाशीभाऊंनी क्रमाचा मुद्दा काढला त्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आमच्या गावात फार पूर्वी एकदा चर्चिला गेला आहे. तोही तुरुंगात.

१९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी ते कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. पहिल्याच प्रवचनात विनोबा अर्जुनाबद्दल जे म्हणतात ते या धाग्यासाठीच म्हटल्यासारखं आहे. त्यांचं म्हणणं असं की अर्जुन काही अहिंसावादी नव्हता. त्याने आधी कितीतरी लढाया केल्या होत्या, शेकडो माणसं मारली होती, तेव्हा त्याचे हात थरथरले नाहीत. कुरुक्षेत्रावर समोर आपलेच लोक दिसले तेव्हा त्याला युद्ध पाप आहे हे आठवलं. विनोबा एका न्यायाधीशाचा दाखला देतात. शेकडो लोकांना फाशी ठोठावणारा हा न्यायाधीश. एक दिवस त्याचा स्वतःचा मुलगा खुनाच्या आरोपात समोर आला, आणि मग तो फाशीची शिक्षा कशी अमानुष आहे यावर बोलू लागला. बोलणं बरोबर असेल, पण ते ज्ञानातून आलं नव्हतं, ममतेतून आलं होतं.

मला वाटतं आपली कसोटी इथेच आहे. युक्रेनमध्ये आपली वैद्यकीय शिकणारी पोरं अडकली तेव्हा सगळा महाराष्ट्र जागा होता. सुदानमधूनही एप्रिल २०२३ मध्ये ऑपरेशन कावेरी करून आपले साडेतीन हजारांवर लोक पोर्ट सुदानमार्गे जेद्दाहला आणि तिथून घरी आणले. चांगलंच केलं. पण आपली माणसं सुटली त्या दिवशी आपल्यापुरतं युद्ध संपलं. तिथे मागे राहिलेल्यांसाठी ते तेव्हा कुठे सुरू होत होतं. आपला विरोध युद्धाला होता की आपल्या माणसाच्या मरणाला?

म्हणून गिरणाकाठ यांचा सोन्याचा मुद्दा मला पटतो, पण पूर्ण पटत नाही. समजा उद्या सिद्ध झालं की जळगावात सुदानचा एक गुंजही येत नाही. मग आपण गप्प बसायचं? सोन्याचा संबंध असो वा नसो, एल फाशेरमध्ये जे झालं ते तेवढंच वाईट आहे.

---

गिरणाकाठ

पांझरा सर, बरोबर आहे. पण संबंध असला तर जबाबदारी वाढते एवढं तर मान्य कराल? विरोध सगळ्यांनी करावा. पण ज्याचा पैसा त्या वाटेने जातो त्याने नुसता विरोध करून भागत नाही, त्याला काहीतरी थांबवता येतं.

---

पांझरा

मान्य.

---

माजी सुभेदार

राम राम मंडळी. मी पाचोऱ्याचा, लष्कराच्या वैद्यकीय दलातून निवृत्त. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानमध्ये मलाकलला होतो, आपल्या भारतीय हॉस्पिटलमध्ये. तो देश सुदानपासून २०११ मध्ये वेगळा झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये तिथेही यादवी पेटली. तेव्हाचं सांगतो.

गोळीबार सुरू झाला आणि लोक तळाकडे पळत आले. शांतिसेनेने दरवाजे उघडले. अशा वेळी माणूस घरातून काय उचलतो हे मी पाहिलं आहे. एक बाई पाठीशी पोर बांधून, डोक्यावर पलंगाची गादी घेऊन आली. पैसे नाहीत, भांडी नाहीत, गादी. आम्ही विचारलं तर दुभाष्याने सांगितलं, तिच्या आईला जमिनीवर झोपवत नाही. आई मागून येत होती. ती आली नाही. बाई कितीतरी दिवस गेटच्या आतल्या बाजूला त्या गादीवर बसून राहायची, आम्ही ओपीडीला बोलावलं तरी हलायची नाही.

ड्रेसिंग करताना जखमी माणूस कोणत्या जमातीचा हे आम्ही विचारत नव्हतो, पण बाहेर त्याच एका प्रश्नावर माणूस जगत किंवा मरत होता. दिंका की नुएर. एप्रिल २०१३ मध्ये जोंगलेई भागात आपल्या शांतिसेनेच्या ताफ्यावर हल्ला होऊन पाच भारतीय जवान गेले होते. ते दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्यांच्या लोकांसाठी गेले. त्यांना कोणी म्हटलं नाही की आधी घरचं बघा.

आता एक गोष्ट जी खूप कमी लोकांना माहीत आहे. खडकवासल्याला एनडीएची जी मुख्य घुमटाची इमारत आहे तिचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्ये भारतीय तुकड्या सुदानच्या बाजूने लढल्या, एरिट्रियात केरेनच्या डोंगरात इटालियन सैन्याला हरवलं. आपले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही तिथे होते. त्या उपकाराची आठवण म्हणून सुदानने एक लाख पौंड दिले. फाळणीत आपल्या वाट्याला सत्तर हजार आले आणि ते एनडीएच्या उभारणीत लागले. आपले सैन्याधिकारी जिथे घडतात तिथली मुख्य इमारत सुदानी लोकांच्या कृतज्ञतेची आहे. त्यामुळे कोणी "सुदानशी आपला काय संबंध" म्हटलं की मला बोलावं लागतं.

आणि हेही सांगतो, मी युद्धाच्या सरसकट विरोधात नाही. वेळ आली तर लढावं लागतं. पण सैनिक आणि खाटीक यात फरक असतो. हॉस्पिटलमध्ये शिरून खाटेवरच्या माणसाला मारणारा सैनिक नव्हे. सामान्य जनतेला उपाशी ठेवणं हा युद्धाचा मार्ग नाही, जिनिव्हाच्या नियमांतही ते स्पष्ट बंद आहे. हा विरोध सैनिकानेच सगळ्यात मोठ्याने करायला हवा.

---

रावेरची लेक

सुभेदार साहेब, तुमची पोस्ट घरात सगळ्यांना वाचून दाखवली.

---

फैजपूरकर

सुंदर चर्चा. आमच्या गावचा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून मी करतो.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन आमच्या फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. धनाजी नाना चौधरींनी त्यासाठी रान उठवलं, नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांच्या कामातून नगर सजवलं. हे सगळं शाळेत शिकवतात. जे शिकवत नाहीत ते असं: त्या मांडवात दूरच्या युद्धांवरही बोलणं झालं. अध्यक्ष नेहरूंनी स्पेनच्या यादवीबद्दल सांगितलं. साम्राज्याच्या युद्धात भारताची माणसं आणि भारताचा पैसा वापरू देणार नाही ही भूमिका तिथे पुन्हा मांडली गेली. त्याच वर्षी मे महिन्यात देशभर अॅबिसिनिया दिन पाळला होता, इटलीने त्या देशावर केलेल्या आक्रमणाच्या निषेधात. हा अॅबिसिनिया म्हणजे आजचा इथिओपिया, सुदानचा शेजारी.

समोर बसलेले कोण होते? यावल-रावेरचे शेतकरी. मंदीने कर्जात बुडालेले. त्याच अधिवेशनात शेतसारा आणि कर्जाचा शेती कार्यक्रम मंजूर झाला. सारा कमी करा आणि स्पेनमधली कत्तल थांबवा, दोन्ही एकाच मांडवात. कपाशी दादा, क्रम लावायची गरज त्यांना पडली नाही, आणि त्यांची परिस्थिती आपल्यापेक्षा बरी नव्हती.

---

कपाशी बोदवड

फैजपूरकर, मुद्दा चांगला आहे. पण ते अधिवेशन होतं, मागे संघटना होती. आम्ही चार शेतकरी आहोत. पोटाला चिमटा बसतो तेव्हा तत्त्व सुचत नाही हे मी माझ्या अनुभवाने सांगतो.

---

पांझरा

मग कापसाचंच उदाहरण देतो, तुमच्याच पिकाचं.

१८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेने दक्षिणेची बंदरं नाकेबंदी करून अडवली, कारण दक्षिणेचा कापूस गुलामांच्या मजुरीवर निघत होता आणि त्या पैशावर दक्षिण लढत होती. मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस बंद पडला. त्यांनी तो हिंदुस्थानातून उचलला आणि खान्देशात कापसाचे भाव असे चढले की लोकांनी धान्याची रानं मोडून कपाशी लावली. त्या दूरच्या युद्धावर आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी चांदी केली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत शेअर बाजार बुडाला आणि इकडे चढ्या भावावर काढलेलं कर्ज तसंच राहिलं. दूरचं युद्ध आपल्याकडे पैसा घेऊनही येतं आणि सावकार घेऊनही.

पण मला सांगायचंय ते मँचेस्टरचं. तिथले गिरणी कामगार बेकार झाले, घरातलं सामान विकून खाऊ लागले. नाकेबंदी मोडावी म्हणून सरकारवर दबाव आणा, तुमच्या चुली पेटतील, असं त्यांना सांगणारे बरेच होते. ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन लिंकनना पत्र पाठवलं. आम्ही गुलामगिरीच्या विरोधात तुमच्या बाजूने आहोत, अशा अर्थाचं. रिकाम्या पोटी. लिंकनने जानेवारीत त्यांना उत्तर दिलं.

पोटाला चिमटा बसलेल्या माणसाला तत्त्व सुचत नाही असं नाही, कपाशीभाऊ. त्यांना सुचलं.

---

नर्डाण्याचा पोऱ्या

हाई माले माहीतच नव्हतं. कापूसना भाव तव्हाबी लढाईवर चालेत!

---

तोरणमाळ

नंदुरबारहून. फक्त एक मुद्दा जोडतो. सोनं खणणारेही माणसंच आहेत. सुदानमध्ये बरंचसं सोनं मोठ्या कंपन्या काढत नाहीत, गरीब माणसं हाताने खड्डे खणून काढतात. दगड दळायचा, त्यात पारा मिसळायचा, मग जाळून पारा उडवायचा आणि सोनं राहतं. तो धूर त्यांच्या आणि पोरांच्या नाकात जातो. युद्धामुळे शेती बंद, म्हणून जास्त लोक खाणीवर. तिथे ज्या टोळीचं राज्य तिचा हप्ता. आमच्याकडचे लोक ऊसतोडीला आणि गुजरातला जातात, त्यामुळे दुसरा पर्याय नसलेली मजुरी कशी असते हे मला सांगावं लागत नाही. उद्या सगळ्या जगाने सुदानचं सोनं घेणं थांबवलं तर सगळ्यात आधी हाच माणूस मरेल. याचाही विचार करा.

---

गिरणाकाठ

तोरणमाळ दादा, हा सगळ्यात अवघड मुद्दा आहे आणि माझ्याकडे त्याचं सोपं उत्तर नाही. सरसकट बहिष्कार मलाही नको. पण आज सगळीकडून अंधार आहे त्याचा फायदा खणणाऱ्याला मिळत नाही, हप्ता घेणाऱ्याला मिळतो. सोनं कुठून आलं हे विचारायची सवय लागली तर निदान बंदूकवाल्याची कमाई उघड्यावर येईल.

---

हतनूर

एवढं सगळं एकाच बाजूबद्दल लिहिलंय. लष्कराने काय केलं ते पण लिहा. डिसेंबर २०२४ मध्ये दारफूरमधल्या कबकाबियाच्या भर बाजारावर विमानातून बॉम्ब टाकले, शंभरावर लोक मेले. मार्च २०२५ मध्ये तोरा गावच्या बाजारावर. बाजाराच्या दिवशी. आमच्याकडे वरणगावचा आठवडे बाजार डोळ्यासमोर आणा, मेथीच्या जुड्या, चपला, पोरांचे फुगे, आणि वरून तसं काही आलं तर.

माझे वडील वरणगावच्या कारखान्यात काडतुसांच्या तपासणीवर होते. प्रत्येक नग हातात घेऊन बघायचे, पितळेवर ओरखडा नको, टोपी नीट बसलेली हवी. घरी आल्यावर हाताला पितळेचा वास असायचा. ते म्हणायचे, आपण चुकीचा नग पुढे सोडला तर सीमेवरच्या आपल्या पोराची बंदूक अडकेल. त्यांना त्या कामाचा अभिमान होता आणि मलाही आहे. पण ते असंही म्हणायचे की हा नग कोणाकडे जातो हे सरकारने बघितलंच पाहिजे, कारण गोळीला मालक कळत नाही. सुदानमध्ये ज्या गोळ्या चालतात त्या कुठल्या तरी कारखान्यात कोणीतरी अशाच तपासल्या असतील. कोणत्याही देशाने अशा युद्धात एकाही बाजूला हत्यारं देऊ नयेत, एवढं तरी आपल्याला एकमुखाने म्हणता येईल का?

---

माजी सुभेदार

हतनूर, शंभर टक्के. दारफूरला हत्यारं पाठवायला संयुक्त राष्ट्रांची बंदी २००४ पासून आहे. कागदावर आहे. अमिरातीने आरएसएफला शस्त्रं दिल्याचा आरोप सुदानने आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला होता, अमिरातीने तो नाकारला, आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून प्रकरण बंद केलं. लष्करालाही बाहेरून ड्रोन येतात. बाहेरचं रसद-पाणी थांबलं तर कोणतीही यादवी इतकी वर्षं चालत नाही. हे फौजेतला साधा शिपाईही सांगेल.

---

रावेरची लेक

सगळं काळंच नको, म्हणून हेही सांगते. सुदानमध्ये सरकार कोसळलं तेव्हा तरुण मुलामुलींनी वस्तीवस्तीत मदत गट उभे केले. आपत्कालीन प्रतिसाद कक्ष असं त्यांना म्हणतात. गल्लीत मोठं पातेलं चढवायचं, मसूर किंवा ज्वारीची कांजी करायची, रांगेत सगळ्यांना द्यायची, कोण कुठल्या जमातीचा ते विचारायचं नाही. दोन्ही सैन्यांनी यातल्या लोकांना धरलं, मारलं. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत तोडली तेव्हा शेकडो पातेली थंड पडली. तरी परदेशातल्या सुदानी लोकांनी पाठवलेल्या पैशावर बरीच चालू राहिली.

आपल्या सप्त्याच्या पंगतीला गाव कसं उभं राहतं हे आपल्याला माहीत आहे. ती पोरं ते गोळीबारात करतायत. कोणाला मदत पाठवायची असेल तर नीट चौकशी करून, अधिकृत मार्गाने पाठवा.

---

सराफकट्टा

दोन दिवस कामात होतो, आता वाचलं. कोणी बाजाराला शिव्या दिल्या नाहीत, याचा आनंद आहे. मग मीही ठोस काही बोलतो.

एक, जुनं सोनं मोडून नवीन करा. घरातली आजीची वाकी, तुटलेली साखळी पडून असते. तुमच्यासमोर वितळवून, टंच काढून त्याचाच दागिना करून देणारे लोक आहेत. नवीन खाणीतलं सोनं तेवढं कमी लागेल. दोन, घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेताना बिस्किट कोणत्या रिफायनरीचं आहे ते सराफाला माहीत असतं. लंडनच्या बुलियन बाजाराच्या यादीतल्या रिफायनऱ्यांना सोनं कुठून आलं याची दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. ती तपासणीही शंभर टक्के पक्की नसते, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. गिऱ्हाईक विचारायला लागलं तर सराफ व्यापाऱ्याला विचारेल. आजपर्यंत माझ्यासमोर हा प्रश्न एकाही गिऱ्हाइकाने विचारलेला नाही. मजुरी किती, घट किती, एवढंच.

---

गिरणाकाठ

घरात बोललो. आई आधी चिडली, लग्नाच्या घरात मढ्यांच्या गोष्टी नको म्हणाली. मग ढेपेचं सांगितलं. ती काही बोलली नाही, पण रात्री कपाटातून आजीच्या गोठ काढून दिल्या, या मोडा म्हणाली. यादीतलं बरंचसं त्यातच बसेल.

बाकी धाग्यावरून एक पत्र तयार करतोय, जळगावच्या सराफ व्यापाऱ्यांना द्यायला. मुद्दे असे: बिस्किटाची रिफायनरी बिलावर लिहावी. मोड करून नवीन दागिना करणाऱ्याला मजुरीत थोडी सूट द्यावी. आणि सुदानच्या दोन्ही सैन्यांनी सामान्य माणसांची कत्तल आणि उपासमार थांबवावी, बाहेरच्या देशांनी शस्त्रं देऊ नयेत, असं आम्ही खान्देशातले लोक म्हणतो, हे स्पष्ट लिहायचं. हेच पत्र खासदारांनाही. रविवारी घेऊन जाणार आहे. येणाऱ्यांनी नाव लिहा.

---

फैजपूरकर

मी येतो. सोबत दोघं तरी असतील.

---

तोरणमाळ

पत्रात खाणीतल्या मजुरांबद्दल एक वाक्य हवं. त्यांच्या नावाने चाललंय आणि त्यांचाच उल्लेख नाही असं नको.

---

कपाशी बोदवड

बिलावर रिफायनरी लिहिणं मला पटलं. गिऱ्हाइकाचा हक्क आहे तो. मजुरीतल्या सवलतीचं मला ठाऊक नाही, ते सराफ बघतील.

क्रमाचा माझा मुद्दा मी सोडलेला नाही. पण सही करतो, एका अटीवर. खासदारांच्या पत्रात कापसाच्या आयात शुल्काचाही परिच्छेद टाका. फैजपूरकरांनी सांगितलं तसं, दोन्ही एकाच मांडवात. टाकणार असाल तर रविवारी मीही येतो, बोदवडहून सकाळच्या गाडीने.

---

गिरणाकाठ

टाकतो. परिच्छेद तुम्हीच लिहून द्या, आकडे तुम्हाला जास्त पाठ आहेत.

---

सराफकट्टा

रविवारी दुपारी तीननंतर या. लग्नसराईत सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, कोणाला ऐकायला वेळ मिळणार नाही. आणि पत्राच्या जास्तीच्या प्रती आणा, कारागिरांपैकी काहींना वाचायची आहे. ते बंगाली आहेत, मराठी वाचता येत नाही, मी समजावून सांगेन.